तीन आठवडे बोट का उभी होती?



मागील अंकात ‘बोट दुरुस्तीसाठी उभी आहे’ एवढी एकच ओळ छापली होती. त्यावर बऱ्याच जणांनी विचारणा केली. एका मंडळीच्या वडीलजनांनी तर पत्रच लिहिले, की नक्की काय बिघडले? इंजिन गेले काय? नवी बोट घेण्याची वेळ आली असेल तर तसे कळवा, आम्ही उपकारस्तुतीच्या सणाला त्यासाठी खास अर्पण घेऊ. संपादकांनी ते पत्र माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “तुम्हीच लिहा, तुम्ही तिथे होता.” मी होतो हे खरे. शिवाय बोट उभी राहण्यात मोठा दोष माझाच होता, तेव्हा उत्तरही मीच द्यावे हे बरे.

इंजिन गेलेले नव्हते. दोन बुचे जाम झाली होती.

बुचासाठी तीन आठवडे, हे ऐकून कोणीही हसेल. म्हणून ही बोट चालते कशी ते आधी सांगतो. नेहमीच्या यांत्रिक होडीला पाण्याखाली पंखा असतो. आपल्या बोटीला तो नाही. तिच्या तळाला मागच्या बाजूस जाळीचे तोंड आहे. त्या तोंडातून पाणी आत ओढले जाते, आतल्या बोगद्यात फिरणारे चक्र त्याला रेटा देते, आणि मागच्या निमुळत्या नळीतून ते जोराने बाहेर फेकले जाते. त्या धारेच्या रेट्याने बोट पुढे जाते. हिला जेट बोट म्हणतात. आपल्या बोटीला अशी दोन इंजिने, दोन बोगदे आणि दोन नळ्या आहेत.

ही रीत चांगल्या प्रकारे वापरात आणली ती न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी, १९५०च्या दशकात. ते मेंढ्यांचे मोठे कुरण सांभाळणारे गृहस्थ आणि हाताने यंत्रे बनवणारे कारागीर. त्यांच्या भागातल्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. तिथे पंख्याची बोट टिकत नसे. पुढे १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी अशाच तीन जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगा चढत गेले. नंदप्रयागजवळ धबधब्याने त्यांची वाट अडवली. त्या तीन बोटींपैकी एकीचे नाव ‘एअर इंडिया’ होते. आमच्या मंडळीतल्या काही वृद्धांना ती बातमी अजून आठवते.

आमची गरज त्या मानाने लहान आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत डोंगराच्या कडेने जे पाडे राहिले, त्यांतल्या कित्येकांना पाण्याचीच वाट जवळची. पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असते. पण उन्हाळ्याकडे ते उतरू लागले, की बुडालेल्या झाडांचे खुंट, गाळ आणि जुन्या शेतांचे बांध वर येऊ लागतात. अशा पाण्यात खाली पंखा नसलेली बोट उपयोगाची. शिवाय काठाला पोहणारी मुले असतात. त्यांनाही पंख्याचा धोका नाही.

मात्र या बोटीचा एक वाईट गुण आहे. पाण्याबरोबर जे येईल ते ती गिळते. गवत, पालापाचोळा, गोणपाटाच्या सुतळ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे. हे सर्व चक्राच्या दांड्याला गुंडाळले जाते. मग इंजिन नुसते ओरडते आणि बोट जागची हलत नाही. त्यावर उपाय म्हणून बोगद्याच्या बरोबर वर एक उभी नळी ठेवलेली असते. मागच्या फळीचे झाकण उचलले की त्या नळीचे तोंड दिसते. त्यात तळहाताएवढे बूच बसवलेले असते. बूच काढायचे, हात किंवा आकडा आत घालायचा, कचरा ओढून काढायचा, बूच बसवायचे. बोट पाण्यात असतानाच दहा मिनिटांचे काम.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी हे दहा मिनिटांचे काम आम्हाला करता आले नाही.

बोटीत आरोग्य सेविका, लशींची शीतपेटी, आशाताई, आपल्या सिस्टर, नावाडी, त्याचा एकोणीस वर्षांचा भाचा आणि मी. पलीकडच्या पाड्याखाली सतरा बाळांच्या आया घाटावर येऊन बसलेल्या. अर्ध्या वाटेत डावे इंजिन ओरडू लागले. थोड्या वेळाने उजवेही. नावाड्याने किल्ली बंद केली, झाकण उचलले आणि बुचाची मूठ धरली. ती हलेना. मी धरली. हलेना. दुसऱ्या बुचाची मूठ फिरली, पण बूच वर येईना.

तेव्हा तो भाचा कोणालाही न विचारता पाण्यात उतरला. बोटीखाली बुडी मारून जाळीच्या तोंडातून तो जाळ्याचे तुकडे ओढू लागला. ज्या नायलॉनने दोन इंजिने बांधून टाकली होती, त्यात त्या पोराचा हात किंवा पाय अडकायला किती वेळ लागला असता? दर बुडीला मी मनात आकडे मोजत होतो. आठव्या की नवव्या बुडीनंतर सिस्टरांनी त्याला हात धरून वर घेतले आणि “पुरे” म्हणाल्या. एक इंजिन थोडेसे मोकळे झाले होते. त्याच्यावर रखडत आम्ही परत आलो. शीतपेटी न उघडता केंद्रावर जमा झाली. पलीकडच्या आया दुपारपर्यंत उन्हात बसून वर निघून गेल्या, हे दुसऱ्या दिवशी कळले.

आता माझा दोष सांगतो. बोट आपल्याला मिळाली तेव्हा ती कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून जुनी झालेली होती. दात्याने सांगितले होते की बुचे दर आठवड्याला उघडून धुवा. मी एकतीस वर्षे एस.टी.च्या कार्यशाळेत काढली आहेत. मला वाटले, आता बोट नर्मदेत आली. गोड्या पाण्यात कसला गंज? दोन वर्षांत मी ती बुचे चार वेळासुद्धा उघडली नसतील.

गोडे पाणी खाऱ्याएवढे धातू खात नाही हे खरे आहे. पण समुद्राचे मीठ आमच्याबरोबरच आले होते. ते बुचाच्या खाचेत, स्प्रिंगच्या वेटोळ्यात, रबराच्या कड्याखाली बसून राहिले. ओल आली की ते विरघळते, वाळले की पुन्हा खडा होतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. नळीच्या तोंडाचे कडे अॅल्युमिनियमचे, आणि बुचाच्या पोटातल्या खिट्या व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल असली, की तिथे एक बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतो तो अॅल्युमिनियम. झिजून त्याची जी पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. जागा तर नाही. मग ती खिटीला चारी बाजूंनी आवळून धरते. लोखंडाचा तांबडा गंज आपल्याला लांबून दिसतो. ही पांढरी भुकटी मिठासारखी किंवा चुन्यासारखी दिसते आणि आपण ती फडक्याने पुसून पुढे जातो. मी तेच करत होतो.

स्टेनलेस स्टीललाही गंज चढत नाही असे नाही. त्याच्या अंगावर हवेतल्या प्राणवायूने एक पातळ कवच धरलेले असते. अरुंद फटीत, मिठाखाली, जिथे हवा पोचत नाही तिथे ते कवच तुटते आणि धातूला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात.

बोट काठावर ओढून घेतली. किल्ली काढून मी खिशात ठेवली. या बोगद्यात हात घालताना किल्ली बोटीत ठेवायची नाही, हा नियम कोणीही मोडू नये. चुकून इंजिन फिरले तर बोटे जातील. मागची सगळी झाकणे उघडून पेट्रोलची वाफ जाऊ दिली.

पहिल्या दिवशी मी कार्यशाळेतली सवय चालवली. मुठीत लोखंडी नळी अडकवली आणि जोर दिला. नावाडी म्हणाला, “मिस्तरी, जोर नका लावू. तुटेल.” त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच मुठीचा एक कान कट्‌कन तुटला. ते प्लास्टिक होते, बसच्या चाकाचा नट नव्हे. मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी मी पुन्हा हात लावला नाही. पूर्ण मूठ तुटली असती तर बूच भोके पाडून, तुकडे करूनच काढावे लागले असते. त्यात नळीचे तोंड खराब होण्याची भीती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही धीराने घेतले. बुचाभोवतीच्या खळग्यात कोमट गोडे पाणी भरायचे, अर्ध्या तासाने फडक्याने टिपून घ्यायचे, पुन्हा भरायचे. मीठ पाण्यात विरघळते. जे पाण्याने फुकट होते त्यासाठी हातोडी कशाला? दुपारी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी सांध्यावर तासभर ठेवली, मग भरपूर पाण्याने धुतले. व्हिनेगर त्या पांढऱ्या भुकटीला मऊ करते, पण फार वेळ राहिले तर चांगला अॅल्युमिनियमही खाते, म्हणून तास म्हणजे तासच. संध्याकाळी सांधा वाळवून गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले.

काही कारागीर अॅसिटोन आणि गिअरचे पातळ तेल निम्मे निम्मे मिसळून वापरतात. लोखंडाच्या नट-बोल्टला ते उत्तम. इथे मात्र वापरले नाही, कारण अॅसिटोन प्लास्टिकला विरघळवतो. ज्योतीने तापवण्याचा विचारही केला नाही. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलपेक्षा जास्त फुगतो, म्हणून उष्णतेने असे सांधे सुटतात हे खरे. पण पेट्रोलच्या बोटीत ज्योत नको. गरम पाण्यात पिळलेले फडके कड्याभोवती गुंडाळले, तेवढ्याने काम भागते.

रोज सकाळी मुठीच्या मुळाशी लाकडी ठोकण्याने हलके हलके ठोकायचे. त्या थरथरीने तेल आत उतरते. मग मूठ आधी आवळण्याच्या बाजूला किंचित फिरवायची, मग सोडण्याच्या. पुन्हा आवळायची, पुन्हा सोडायची. एकाच बाजूला ओढत राहिले की भुकटी पुढे दाटते. चौथ्या दिवशी डाव्या बुचाची मूठ केसभर हलली. नावाड्याला ती आधी कळली, मला नाही. पाचव्या दिवशी खिट्या आत सरकल्या आणि बूच निघाले.

उजव्या बुचाचे दुखणे निराळे होते. त्याची मूठ फिरत होती, खिट्याही आत जात होत्या, पण रबराचे कडे अॅल्युमिनियमला चिकटून बसले होते. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उचकटायला निघालो होतो. नावाड्याने मला थांबवले, घरी गेला, आणि टोपल्या विणण्यासाठी काढून ठेवलेली बांबूची एक पातळ कामटी घेऊन आला. ती त्याने साबणाच्या पाण्यात बुडवली आणि रबर व कड्याच्या मधून हळूहळू पुऱ्या गोलाईने फिरवली. एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्या फेऱ्याला बूच ‘फस्स’ करून वर आले. कामटीने धातूवर ओरखडा उठत नाही. स्क्रूड्रायव्हरने उठला असता, आणि त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर पाणी गळले असते.

खाली दांड्यावर जाळ्याचा मुठीएवढा गुंता होता, आणि लहान मुलाची अर्धी प्लास्टिकची चप्पल.

मग दुरुस्ती. खिट्या पितळी ब्रशने साफ केल्या. लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसवर वापरू नये, त्याचे कण अंगात रुततात आणि तेच पुढे गंजतात. दोन खिट्यांना खोल खड्डे पडले होते. त्या शहाद्याच्या लेथवर ३१६ जातीच्या स्टेनलेस सळईतून नव्या करून घेतल्या. ३०४ जात स्वस्त मिळते, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतो आणि मिठापुढे ती जास्त टिकते. स्प्रिंगही बदलल्या. अॅल्युमिनियमचे कडे ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासले आणि खड्ड्यांत एपॉक्सी भरून सपाट केले. रबराची कडी दाबून चपटी झाली होती, ती टाकून नवी घातली. त्यांना साधे ग्रीस लावले नाही, सिलिकॉनचे लावले, कारण खनिज तेलाने काही रबरे फुगतात. स्टीलचा स्क्रू जिथे अॅल्युमिनियमला टेकत होता तिथे नायलॉनचे वॉशर घातले, म्हणजे ती बॅटरी तुटली. तुटलेली मूठ मात्र अजून एका कानाचीच आहे. ती बदलायची नाही असे मी ठरवले आहे.

बोटीच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवलेल्या होत्या. इतर धातूंच्या ऐवजी त्यांनी झिजावे हे त्यांचे काम. समुद्रात जस्त चांगले झिजते. गोड्या पाण्यात त्याच्यावर पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासे होते. तिथे मॅग्नेशियमच्या वड्या लागतात. दोन वर्षे आमच्या वड्या नव्यासारख्या दिसत होत्या आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानत होतो!

बूच सहज उघडले पाहिजे, तसे ते पक्के बंदही राहिले पाहिजे. बोट सावकाश चालत असताना तिथे खाली ओढ असते. बूच सैल असेल तर इंजिन हवा ओढते आणि कचरा अडकल्यासारखेच नुसते ओरडते. बोट वेगात आली की उलट पाणी खालून वर दाबते. त्यावेळी बूच उडाले तर नळीतून कारंजे उठेल आणि मागची बाजू पाण्याने भरेल. म्हणून मुठीवर आणि कड्यावर लाल रंगाची एक-एक रेघ मारली आहे. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या म्हणजे खिट्या बसल्या. तरीही नावाडी हाताने वर ओढून पाहतो. आणि बूच उघडे असताना मागच्या फळीवर चार माणसांनी उभे राहायचे नाही. मागची बाजू वजनाने दबते आणि नळीतले पाणी काठापर्यंत चढते.

या सगळ्याला खर्च तीन हजार रुपयांच्या आत आला. वेळ गेला तो वाट पाहण्यात, आणि लेथवाल्याकडे खेपा मारण्यात. तेव्हा वडीलजनांच्या पत्राला माझे उत्तर असे, की नवी बोट नको. अर्पण घ्यायचेच असेल तर रबरी कडी, स्प्रिंग आणि मॅग्नेशियमच्या वड्या यांचा एक जादा संच इथे ठेवता येईल एवढे घ्यावे. आणि नावाड्याच्या भाच्याला इंजिनाचे काम शिकायला एखाद्या चांगल्या कार्यशाळेत सहा महिने पाठवता आले तर पाहावे. त्याने पुन्हा बोटीखाली बुडी मारावी असे मला वाटत नाही.

आता दर शनिवारी दोन्ही बुचे निघतात, धुतली जातात, ग्रीस लावून बसतात. एक वही ठेवली आहे, तिच्यात नावाडी सही करतो आणि खाली मी.

मार्चमध्ये आम्ही त्या पाड्याखाली वेळेवर पोचलो. सतरांपैकी नऊच बाळे आली. आशाताईंनी घरोघर जाऊन समजावले, तेव्हा एप्रिलमध्ये चौदा झाली. राहिलेल्या तिघांपैकी दोघे आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले आहेत, पावसाआधी परततील. तिसऱ्याची आई घाटावर येते, काठाला बसून बोट पाहते, पण बाळाला आणत नाही. फेब्रुवारीत ती सगळ्यात लांबून चालत आली होती. पुढच्या फेरीला सिस्टर वर तिच्या घरी जाणार आहेत. तिच्यासाठी आणि त्या बाळासाठी आपण प्रार्थना करावी, ही विनंती.